लाल टिकलीखालचं बटण

अपडेट झालं त्या संध्याकाळी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. काळजीचं काही कारण नाही, तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. ते वाचून माझं डोकंच फिरलं. जिथल्या तिथे म्हणजे कुठे? ज्या बटणापासून सगळं सुरू होतं ते बटण मी कॉम्प्युटर शिकले त्या दिवसापासून खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं. आता ते उचलून पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं. कोपऱ्यात त्याच्या जागी एक ढग आणि ढगाशेजारी आजचं तापमान. नालवाडीत किती उकडतंय हे कळायला मला कॉम्प्युटर लागत नाही, पाठीवरून ओघळणारा घाम पुरतो.

त्या ढगावर चुकून नुसता बाण गेला तरी डावीकडून एक भलामोठा फळा सरकत बाहेर यायचा. बातम्या, नटनट्यांची लग्नं, क्रिकेट, सात दिवसांत पोट कमी करण्याचे उपाय. मजकूरच मजकूर. आणि जिथे अक्षरांची खरी गरज होती तिथली अक्षरं काढून टाकलेली. कापा, चिकटवा, नाव बदला या साध्या शब्दांच्या जागी मुंगीएवढी चित्रं. कात्री तेवढी ओळखू आली, बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. भाड्याच्या घराचा मालकसुद्धा भिंतीला रंग द्यायचा असेल तर आदल्या दिवशी सांगून जातो. इथे मी संध्याकाळी दमून घरी आले तर माझंच घर मला ओळखू येईना.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि तिथली मुलं माझ्या चपलांच्या आवाजावरून माझा पारा ओळखतात. लग्न मोडल्यावर मी नालवाडीत आईबाबांकडे राहायला आले त्याला आता नऊ वर्षं होतील. त्यांनीही माझ्या चिडण्याची सवय करून घेतली आहे. पण त्या आठवड्याबद्दल लिहायला बसले की रागाच्याही आधी मला बाबाच आठवतात. कारण निकालपत्रकं आणि प्रश्नपत्रिका मी त्या कॉम्प्युटरवर करत असले, तरी तो माझा नव्हता. तो बाबांचा होता.

अडीच वर्षांपूर्वी बाबांना लकवा मारला. उजवा हात तीन महिन्यांत बराचसा परत आला, चालणं आलं, बोलणं अडखळत का होईना पण आलं. एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. बाबांना वाचता येईना. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. सकाळी पेपर हातात घ्यायचे, तो उलटा तर नाही ना म्हणून फिरवून बघायचे आणि खाली ठेवायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून नीट समजावलं. आकडे शाबूत आहेत, चित्रं शाबूत आहेत, माणसं ओळखतात, पाठ असलेलं सगळं म्हणतात. अक्षरं तेवढी पुसली गेली आहेत. परत येतील का, या प्रश्नावर त्या जे बोलल्या त्याचा अर्थ नाही असा होता.

आमच्या घरात अक्षर आणलं ते बाबांनी. माझे आजोबा कागदावर अंगठा उमटवायचे. बाबा शिकले, हिंगणघाटच्या एका सरकारी कार्यालयात कारकून झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांनी लिहिलेली टिपणी साहेब लोक एका वाचनात मंजूर करायचे, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. विहारात कुठलीही सूचना लावायची असली की फळ्यावर लिहायला बाबांनाच बोलवायचे. लकव्यानंतर पहिल्यांदा एका कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा समोरच्या माणसानं बिचाऱ्यानं भल्या मनानं शाईचं पॅड पुढे केलं. बाबा त्या पॅडकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा दिला. घरी आल्यावर त्यांनी दोनदा साबणानं हात धुतले आणि मी माझ्या खोलीत जाऊन रडले.

कॉम्प्युटरची युक्ती डॉक्टरीणबाईंचीच. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेलं काहीतरी करू द्या, म्हणाल्या. बाबांना ऑफिसात असताना दुपारच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर पत्ते लावायचा नाद होता. एकट्यानं खेळायचा तो डाव, राजाखाली राणी, राणीखाली गुलाम. चित्रं आणि आकडे, अक्षरांचं फारसं कामच नाही. पण पत्त्यांपर्यंत पोचायचं कसं? मी शेजारी उभी राहून शिकवायला लागले. "डावीकडे बाबा, खाली, अजून खाली, तिथं नाही हो, कोपऱ्यात!" चौथ्या दिवशी माझा आवाज इतका चढला की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिनं मला बाजूला केलं, आपलं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि स्क्रीनच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटवली.

"हे घ्या," ती बाबांना म्हणाली. "बान या टिकलीखाली न्या अन् दाबा. बाकी काई ध्यानात ठेवाची गरज नाई."

लाल टिकली दाबली की यादी उघडायची. त्या यादीत हिरवी टिकली म्हणजे पत्ते, पिवळी म्हणजे घरातले फोटो आणि काळी म्हणजे बंद. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं, कॉम्प्युटरला तिनं फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता. पण जे मला चार दिवसांत जमलं नाही ते तिनं चार टिकल्यांत केलं. शेजारच्या काकू आल्या की हसायच्या. "कॉम्प्युटरचीबी पूजा करता काय व तुमी?" आई म्हणायची, "पूजा कायची? निशानी हाये थे, पत्त्याची." उन्हाळ्यात काच तापून लाल टिकली गळून पडली तेव्हा बाबा तिथेच थांबले, आईनं नवी लावली, मग पुढे गेले.

तेव्हापासून बाबांचं ऑफिस सुरू झालं. सकाळी अकराला ते आंघोळ करून, शर्ट पँटमध्ये खोचून, खिशाला पेन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचे. बाराला उठायचे. त्या तासात त्यांना कुणाची मदत लागायची नाही आणि ती चाललीही नसती. बाकी दिवसभर औषधाची गोळी कोणती, चप्पल कोणती, बाहेर कुणासोबत जायचं, सगळं आम्ही ठरवणार. तो एक तास त्यांचा. संध्याकाळी मी घरी आले की विचारायची, "बाबा, किती सुटले?" ते बोटं दाखवायचे. तीन. चार. एकदा सहा सुटले तेव्हा आईला शिरा करायला लावला होता.

आणि हे सगळं चालू असताना ते अपडेट मागे लागलं. तीन आठवडे रोज कोपऱ्यात चौकट. नवं रूप तयार आहे, आत्ता घ्यायचं की नंतर? मी नंतर म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौकटीचा तोरा तर असा की मीच त्याला अडवून ठेवलंय. एका सोमवारी सकाळी मी घाईत चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापायला बसले, देवळीची बस पंचवीस मिनिटांवर, आणि ती चौकट नेमकी छापायच्या बटणावर येऊन बसली. मी इतकी वैतागले की 'आत्ता' दाबलं. घे, हो एकदाचं, म्हटलं. प्रश्नपत्रिका तशाच सोडून मी बस पकडायला पळाले. आईनं नंतर सांगितलं की साडेदहाच्या आधीच स्क्रीनवरचे टक्क्यांचे आकडे शंभरावर पोचून कॉम्प्युटर आपोआप पूर्वीसारखा झाला. पूर्वीसारखा, कारण स्क्रीनवरचा आमच्या तिघांचा फोटो कंपनीनं तेवढा तसाच ठेवला होता.

संध्याकाळी मी तो उघडला आणि मघाशी सांगितलं तसा माझा तिळपापड झाला. बाबा त्या वेळी रोजच्यासारखे विहारापर्यंत फिरायला गेले होते. लाल टिकलीखाली आता ढग होता. हिरवीखाली काहीच नव्हतं. हे मी पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं. पण तेवढ्यात प्रिंटरनं मला ओळखच दाखवली नाही. मी त्याच्या तारा काढून पुन्हा लावल्या, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, प्रिंटरला दोन थापडाही मारल्या. तासभर गेला. टिकल्यांचं रविवारी बघू, असं मनात म्हटलं आणि विसरले. बाबा फिरून आल्यावर जेवताना विचारलंही.

"बाबा, आज जमलं ना?"

"हो."

"किती सुटले?"

बाबांनी दोन बोटं दाखवली. मला वाटलं, चला, यांनी शोधून काढलं. आपल्यापेक्षा हेच हुशार.

मंगळवारी स्टाफरूममध्ये मी तोंड सोडलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "होऊन जाते व सवय, आठ दिवसांत." हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळात तिडीक जाते. सवय आम्हीच का करायची? ज्यांनी बटण हलवलं त्यांना आमच्या सवयीची सवय का नाही? बसमध्ये खिडकीशी बसून एका ओळखीच्या ग्रामसेवकाला मी देवळी ते नालवाडी तेच ऐकवलं. बुधवारी प्रिंटरसाठी वर्ध्याला दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले. टेबलावर पाच कॉम्प्युटर उघडे पाडून बसलेला तो माणूस थंडपणे म्हणाला, "मॅडम, आता हे असंच राह्यते. तुमचं एकटीचं नाई, सगळ्यांचं झालं." प्रिंटरची काहीतरी फाइल त्यानं पेनड्राइव्हवर दिली आणि वर सांगितलं, "थे बटन पाह्यजे त डावीकडं नेता येते. दोन मिनिटाचं काम हाये." दोन मिनिटांचं काम म्हणून मी ते पुन्हा रविवारवर टाकलं.

घरीसुद्धा पोळ्या लाटता लाटता मी आईला सगळं सांगायची. आई हूं हूं करायची. गुरुवारी तिनं मधेच विषय बदलला.

"तुझ्या बाबात लई फरक पडून राह्यला. तीन-चार दिवस झाले, दुपारी सारखे बोलतेत."

"काय बोलतात?"

"काईबी. आमच्या लग्नात पंगतीले काय होतं, तुझ्या आजोबानं त्याईले पहिली पाटी कुठून आनली, तू झाली तवा मी काय म्हनलं. मी त विसरलीबी होती." आईच्या चेहऱ्यावर पिठाचं बोट लागलं होतं आणि ती हसत होती. "अन् बुद्धवंदना एका टायमाची तीन टायमाले म्हनतेत आता. पुरी. एक शब्द चुकत नाई. बरे होऊन राह्यले वाटते."

मलाही बरं वाटलं. त्या आठवड्यात तेवढीच एक चांगली बातमी होती.

शनिवारी सकाळची शाळा. मी साडेअकराच्या सुमाराला घरी पोचले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि बाहेरच्या खोलीत बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. शर्ट खोचलेला, खिशाला पेन. माउसचा टिकटिक आवाज चालू होता. थोडं थांबून टिकटिक, पुन्हा थोडं थांबून टिकटिक, माणूस विचार करून पत्ता हलवतो तसा. मी चपला काढल्या, किती सुटले विचारायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं. स्क्रीन काळी होती. कॉम्प्युटर सुरूच नव्हता. त्या काळ्या काचेवर चार टिकल्या होत्या आणि बाबा काचेकडे न बघता माउस दाबत होते.

मला आधी काय झालं असेल तर राग आला. हेही लिहिलंच पाहिजे.

"बाबा! अहो बंद आहे तो! काय करून राह्यले तुम्ही?"

बाबा दचकले. त्यांनी झटकन स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. तिले ऐकू जाईन."

"काय ऐकू जाईल?"

"बंद हाये म्हनून." बाबा एकेक शब्द शोधून आणत होते. "तिले वाटलं पाह्यजे का मी खेळून राह्यलो."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. काऊन, असं का, विचारलं. कधी नव्हे ते हळू आवाजात.

"गेलं, बेटा," बाबा म्हणाले. "जे उरलं होतं थेबी गेलं."

मग त्यांनी सांगितलं. मधे मधे थांबत, कधी शब्द न सापडल्यामुळे हातवारे करत. सोमवारी त्यांनी लाल टिकली दाबली. यादी आली नाही. अक्षरं आली. अक्षरंच अक्षरं, भिंतभर. पुन्हा दाबली, पुन्हा अक्षरं. हिरवी दाबली तर काहीच नाही. त्यांना वाटलं, रात्री झोपेत दुसरा झटका येऊन गेला. ते उठून आरशासमोर गेले. तोंड वाकडं नव्हतं. दोन्ही हात वर करून पाहिले. शंभरपर्यंत मोजलं, शंभरावरून खाली मोजत आले. त्रिशरण, पंचशील, पूर्ण वंदना म्हणून पाहिली. सगळं ठीक.

"मंग समजलं," ते म्हणाले. "आत झाला. डोस्क्यात. भाईरून दिसत नाई."

दिवसातून तीन वेळा वंदना ते यासाठी म्हणत होते. कुठपर्यंत गेलं आहे ते तपासत होते. आणि दुपारी आईशी बोलत होते, कारण अक्षरांनंतर आता टिकल्या गेल्या, तर पुढची पाळी बोलण्याची, असा त्यांचा हिशेब होता. बोलणं गेल्यावर काय सांगू, म्हणून आधीच सांगून टाकलं, म्हणाले. आई त्यावर हसत होती आणि मला फरक पडला म्हणून सांगत होती.

"अहो पण मला का नाही सांगितलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तू पयलेच चिडून होती. अपडेट, अपडेट म्हनत होती. मले वाटलं शाळेचं काई असन." मग म्हणाले, "अन् तिले सांगितलं का थे मले दवाखान्यात नेईन. सतरा दिवस बाकड्यावर बसून होती मांगच्या टायमाले."

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. कॉम्प्युटर बदललाय. त्यांनी बटणाची जागाच बदलली. बाबा समजूतदारपणे हसले आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"समजूत काढू नको. मांगचा फोटो तोच हाये. मी पाह्यलं."

मी कॉम्प्युटर सुरू केला. मधलं बटण दाखवलं. हे बघा, हे पूर्वी या कोपऱ्यात होतं, आता इथं आलं. बाबांनी नीट पाहिलं आणि मान हलवली. "थे मधातच असन पयलेपासून. मीच विसरलो." मी म्हटलं, मग आईनं टिकली कोपऱ्यात कशाला लावली असती? बाबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "उन्हाळ्यात पडली होती ना थे. परत लावतानी चुकली असन."

तीस-पस्तीस वर्षं फायली तपासलेला माणूस. त्यानं सगळे पुरावे तपासून स्वतःविरुद्ध निकाल दिला होता आणि त्यात मला कुठे बोट घालायला फट सापडेना. रडू येत होतं आणि त्या कॉम्प्युटरला अंगणात नेऊन आपटावंसं वाटत होतं. तेव्हा मला पिशवीतला शाळेचा लॅपटॉप आठवला. तो इतका म्हातारा आहे की अपडेटनं त्याला लायक नाही म्हणून आधीच नाकारलं होतं. मी तो बाबांच्या पुढ्यात ठेवला. सुरू व्हायला त्यानं नेहमीप्रमाणे नाकीनऊ आणले. माउसची तार काढून मी त्याला जोडली, बाबांच्या हातात माउस दिला आणि मागे सरकून बसले.

तिथे टिकली नव्हती. बाबांचा हात जरा थांबला. मग बाण आपोआप खाली गेला, डावीकडे गेला, कोपऱ्यात थांबला. बाबांनी दाबलं. यादी उघडली.

त्यांनी ती बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा बंद केली. मग मला खूण करून माउस आपल्या कॉम्प्युटरला लावायला सांगितला, तिथल्या कोपऱ्यात दाबलं. अक्षरांची भिंत. परत लॅपटॉप. यादी. मूळ प्रत आणि नक्कल शेजारी ठेवून ओळ ओळ ताडावी तसं त्यांनी ते चार-पाच वेळा केलं आणि मी प्रत्येक वेळी तार काढून लावत राहिले.

"म्हनजे यानं बदलवलं," बाबा म्हणाले.

"हो."

"मी नाई."

"तुम्ही नाही, बाबा."

बाबांचा चेहरा लाल झाला. लकव्यानंतर मी त्यांना रागावलेलं पाहिलंच नव्हतं, ते नुसते गप्प व्हायचे. आता ते खुर्चीवरून उठले. "टिपनी नाई? नोटीस नाई?" शब्द अडखळत होते पण येत होते, जुन्या ऑफिसातले, कडक इस्त्रीचे. "चालू कामात असं करते कोनी? मंजुरी कोनाची? कोनाच्या सहीनं झालं हे?"

आई हातात झारा घेऊन धावत आली. "काय झालं? काऊन ओरडून राह्यले?"

"कॉम्प्युटर बिघडला!" बाबा तिला म्हणाले. एवढ्या आनंदानं कुणी घरातली वस्तू बिघडल्याचं सांगितलेलं मी आजवर ऐकलं नाही. "मी नाई बिघडलो. कॉम्प्युटर बिघडला!"

आईला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. बाबा पुन्हा माझ्याकडे वळले. ते ऑफिसातले होते, प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत सोडायचे नाहीत.

"सांग ना. कोनाच्या सहीनं?"

मला कंपनीचं नाव घेता आलं असतं. सोमवारपासून तेच तर करत होते मी, जाईन तिथे. पण त्या चौकटीनं विचारलं होतं. तीन आठवडे रोज विचारलं होतं.

"माझ्या," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी मीच दाबलं, बाबा. त्यानं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

मला वाटलं आता बाबा माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा राग एकदम उतरला. ते खुर्चीत बसले, खिशाचं पेन नीट केलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"मंग मले एक शब्द सांगाचा होता ना, बेटा."

मी त्या अपडेटबद्दल स्टाफरूममध्ये बोलले होते, बसमध्ये बोलले होते, दुकानात भांडले होते, रोज पोळ्या लाटताना आईचं डोकं खाल्लं होतं. पाच दिवसांत भेटेल त्या माणसाला मी सांगितलं होतं की बटणाची जागा बदलली आहे. बाबांना सांगितलं नव्हतं.